‘का चुकलं?’ नावाचा रकाना

मी एक जुना रकाना आहे. सातवीच्या विज्ञान चाचणीचे चाळीस प्रश्न संगणकावरच्या ज्या तक्त्यात राहतात, त्या तक्त्यातला, डावीकडून दहावा. माझ्या डोक्यावर शीर्षक आहे, ‘का चुकलं?’. मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मारतो. खरे सांगायचे तर तुमची माझी मैत्री कधीच नव्हती. तुमच्यापैकी निम्म्यांनी तक्ता उघडल्यावर फक्त तळाची बेरीज पाहिली असेल आणि उरलेल्या निम्म्यांनी पहिली ओळ पिवळी करून ठेवली असेल. मी सहा वर्षे अंधारात काढली, ती तुमच्यासारख्यांच्याच कृपेने. तरी ऐका. ऐकायला अक्कल लागत नाही, थोडा वेळ लागतो.

मला घडवले जुन्या विज्ञानाच्या बाईंनी. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळ एक संगणक होता, त्याच्यापुढे त्या मधल्या सुट्टीत बसत आणि एका बोटाने टंकत. माझ्याआधी नऊ रकाने जन्मले होते. पहिला क्रमांकाचा. एक ते चाळीस म्हणता येते एवढ्यावर तो जन्मभर शेफारून राहिला. मग धडा, मग सोपा की अवघड, मग प्रश्न, मग अ, ब, क, ड असे चार पर्याय, आणि नववा उत्तराचा. या उत्तराच्या रकान्याबद्दल काय सांगू? चाळीस चौकटींत मिळून चाळीस अक्षरे. त्याला एक शब्द धड बोलता येत नाही, पण शाळेत सगळा मान त्यालाच. माझ्या पलीकडे, अकरावा, गुणांचा रकाना. वरपासून खालपर्यंत एक, एक, एक. अशा भावंडांत मी वाढलो.

मी कशासाठी होतो ते ऐका. बाकीचे शिक्षक चुकीचे पर्याय मनाला येतील तसे घालत. प्रश्न पाण्याचा असला की एका पर्यायात हत्ती घालून मोकळे होत. बाई तसे करत नसत. मुलांच्या तोंडी उत्तरांतून, वह्यांतून त्या खऱ्या चुका वेचत. एखादे मूल चुकले की त्याला जवळ बोलावून विचारत, “तुला असं का वाटलं?” मूल जे सांगेल ते माझ्यात लिहीत आणि ती चूक पर्यायांत घालत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रश्नात एक तरी चुकीचा पर्याय असा होता, की जो कोणीतरी खरोखर विचार करून निवडला होता.

पहिल्याच ओळीत पाहा. प्रश्न होता, सावली सगळ्यांत लहान केव्हा असते? एका मुलाने सांगितले होते, सकाळी. माझ्यात नोंद आहे: ‘म्हणाला, सकाळी सावली नुकतीच उठलेली असते, दिवसभरात वाढते.’ नवव्या ओळीत थंड पेल्याच्या बाहेर जमणाऱ्या थेंबांचा प्रश्न. एका मुलीला वाटले, पाणी पेल्यातून झिरपते. नोंद: ‘तिच्या घरची मातीची घागर झिरपते. घागरीपुरतं तिचं बरोबर आहे.’ चौदाव्या ओळीत लाकूड पाण्यावर का तरंगते? ‘म्हणाली, लाकडाला पाणी आवडतं, झाड रोज पाणी पितं ना.’ अशा माझ्या एकोणचाळीस चौकटी भरलेल्या होत्या.

चाळिसातली एकच तशी नव्हती. सत्ताविसावी. आवाज कशातून सर्वांत वेगाने जातो, असा तो प्रश्न. हवा, पाणी, लोखंड की पूर्ण रिकामी जागा? तिथले तिन्ही चुकीचे पर्याय बाईंनी मनानेच घातले होते आणि त्याची त्यांना रुखरुख होती. म्हणून त्या चौकटीत त्यांनी लिहिले, ‘अजून कोणी भेटलं नाही. भेटलं की विचारायचं.’ ही ओळ मी तेव्हा नीट वाचलीसुद्धा नाही. भरलेल्या एकोणचाळीस चौकटींचा मला फार गर्व होता.

कौतुक? छे. एकदा शाळा तपासायला एक अधिकारी आले होते. त्यांनी तक्ता पाहिला, मान डोलावली आणि विचारले, “अक्षर थोडं मोठं नाही का करता येणार?” तेवढीच माझी प्रसिद्धी. पुढे बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी एका कागदावर लिहून ठेवले, ‘शेवटून दुसरा रकाना वाचल्याशिवाय पेपर काढू नये.’ तो कागद उपमुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला आणि त्यावर आठवडाभर चहाचा कप ठेवला जात होता. आठवड्याने तो कचऱ्यात गेला.

आता या उपमुख्याध्यापकांची ओळख करून देतो. मुलांनी त्यांचे नाव पाडले होते रंगारीसर, आणि पोरांना कशात अक्कल असो नसो, नाव पाडण्यात असते. सरांच्या हाती तक्ता लागला की ते तो वाचत नसत, रंगवत. सोपे प्रश्न पोपटी, अवघड गुलाबी, शीर्षके गडद निळी आणि त्यावर काळी अक्षरे, म्हणजे कोणालाच काही दिसू नये. असे झाले की ते खुर्चीत मागे रेलून म्हणत, “आता कसं शिस्तीत दिसतंय!” त्यांच्या लेखी दिसणे आणि असणे यांत फरक नव्हता.

बाई गेल्यावर महिन्याभरात सरांनी तक्ता छापायला घेतला. मी लांबलचक, त्यामुळे पानात मावेना. सरांनी शाळेच्या लेखनिकबाईंना हाक मारली.

“हा कॉलम दुसऱ्या पानावर जातोय. काय आहे यात?”

“मुलांच्या चुका आहेत, सर. बाईंनी लिहून ठेवल्यात.”

“चुका कशाला जपून ठेवायच्या? हाईड करा.”

“डिलीट करू?”

“नको, नको. डिलीट केलं आणि उद्या कोणी मागितलं तर? हाईडच करा.”

पाहिलंत? मला पुसून टाकायचीही यांची छाती नव्हती. माझी रुंदी शून्य झाली. मी होतो तिथेच होतो, शेजाऱ्यांना चिकटून, पण उत्तरानंतर थेट गुण दिसू लागले. वर प्रत्येक रकान्याला एक इंग्रजी अक्षर असते, त्यांतले माझे गाळले गेले, पण ते पाहायला मान वर करावी लागते. सहा वर्षांत इतकी माणसे त्या खुर्चीत बसून गेली, पदव्यांची भेंडोळी असलेली. एकाचीही मान वर झाली नाही.

मग नव्या बाई आल्या. विज्ञान शिकवायला, वर्षभराच्या नेमणुकीवर. वर्षअखेर पक्के करायचे की नाही ते सरांच्या शेऱ्यावर. मला त्यांचा पहिल्या दिवसापासून राग आला. काय ते बोलणे! वाक्यागणिक ‘हो सर’. संगणक जरा अडकला तर त्यालासुद्धा ‘सॉरी’ म्हणत. वर्गात चांगल्या शिकवतात असे कानावर येई, पण शिक्षकांच्या खोलीत त्यांची जीभ टाळ्याला चिकटलेली असे. मी मनात म्हणे, आली आणखी एक.

त्यांच्या वर्गात बसचालकाची एक मुलगी होती. तिचे नाव पडले होते ‘कशावरून’. हवेला वजन असते म्हटले की ती म्हणे, “कशावरून?” झाडे रात्रीही श्वास घेतात म्हटले की, “कशावरून?” मराठीच्या सरांनी कानाला हात लावले होते. नव्या बाई मात्र तास संपला की या संगणकापुढे बसून तिच्या प्रश्नांची उत्तरे शोधत आणि शोधताना हसत. मला तेही आवडत नसे. सातवीतल्या पोरीने शिक्षिकेला कामाला लावावे म्हणजे काय!

त्या वर्षी चाचणीआधी रंगारीसरांना तक्त्यात ‘हवा’ हवी झाली. सगळे रकाने फार दाटीने बसलेत म्हणाले, आणि ड पर्याय व उत्तर यांच्यामध्ये त्यांनी एक नवा रकाना घातला. रिकामा. बोटभर रुंदीचा, फिकट करड्या रंगाचा. पूर्वी इंग्रजी अक्षरांत मी ‘जे’ होतो, आता ‘के’ झालो. त्या नवागताकडे मी तुच्छतेने पाहिले. त्याच्यात एक अक्षर नव्हते. अशाला काय घाबरायचे?

दुसऱ्या दिवशी सर नव्या बाईंना म्हणाले, “प्रश्न कसेही आलेत. सोपे आधी, अवघड नंतर घ्या. मुलांचा धीर वाढतो. सॉर्ट मारा, दोन मिनिटांचं काम.”

“हो सर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी क्रम लावला.

मित्रांनो, इथे थोडी बुद्धी वापरा, जमल्यास. तक्त्याच्या मधोमध रिकामा रकाना आला की यंत्राला वाटते, तक्ता तिथेच संपला. त्याने डावीकडचे सगळे नीट क्रमाने लावले. चाळीस प्रश्न आपापले चार पर्याय घेऊन वरखाली झाले. उजवीकडे उत्तरे, मी आणि गुण जागच्या जागी बसून राहिलो. प्रत्येक उत्तर आता भलत्याच प्रश्नासमोर आले. एका नजरेत दिसावी अशी गोष्ट होती. नव्या बाईंनी वरच्या चार ओळी सोप्या आहेत एवढे पाहिले आणि त्यांना तासाची घंटा ऐकू आली.

तरीही तक्ता वाचला असता, कारण क्रमांकाच्या रकान्यात जुने आकडे उलटसुलट झाले होते. त्यावरून मूळ क्रम लावता आला असता. पण सरांना ते आकडे खुपले. “हे काय, आधी तेहतीस, मग सात?” असे म्हणून त्यांनी वरपासून पुन्हा एक ते चाळीस ओढून घेतले आणि खुणेचा शेवटचा मागमूस पुसला. मग खुर्चीत मागे रेलले.

एक कबुली देऊन टाकतो. मला सगळे कळत होते आणि मला आनंद झाला होता. मला झाकून ठेवता काय? भोगा आता, असे मला वाटले. चाचणी मुलांची आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

संगणक कक्षात चाचणी झाली. उत्तरे यंत्राने तपासली. अडतीस मुलांपैकी बहुतेकांना चाळिसांपैकी आठ, नऊ, दहा. सगळ्यांत जास्त चौदा. ते मिळवणाऱ्या पठ्ठ्याने प्रश्न न वाचता सगळीकडे ‘ब’ दाबला होता आणि बारा मिनिटांत तो मैदानावर होता. सकाळच्या सभेत त्याला शाळेचे पेन देऊन गौरवले. मेहनतीचे फळ, असे सर त्याच्याबद्दल म्हणाले. तो बिचारा लाजून लाल झाला. त्या सभेत खरे काय ते त्या एकट्यालाच ठाऊक होते.

आणि शिक्षकांच्या खोलीत काय चालले होते? कोणी म्हणाले, मुलांचे लक्ष फोनमध्ये. कोणी म्हणाले, पालकांचे लक्ष नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, ही बॅचच मंद आहे, मी पहिलीपासून बघतेय. व्यायामाच्या सरांनी झोपेला दोष दिला. अडतीस मुले एका रात्रीत मठ्ठ झाली, हे या शहाण्यांना पटले. पहिला प्रश्न उघडून वाचावा, हे एकालाही सुचले नाही. नव्या बाई कोपऱ्यात बसून होत्या. आपणच नीट शिकवले नाही, असे त्यांनी धरून चालले होते.

सरांनी यादी लावली. बारापेक्षा कमी गुण असलेली सत्तावीस मुले उजळणी गटात. बाकीची अकरा मुले प्रयोगशाळेत जातील तेव्हा या मुलांनी मागच्या खोलीत बसून व्याख्या उतरवायच्या, वर्ष संपेपर्यंत. कशावरूनला सहा गुण होते. ती यादी हातात घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली.

“सर, माझे कोणते प्रश्न चुकले ते बघायला मिळेल?”

“बघून काय करणार? चौतीस चुकलेत.”

“पण मला येत होते सर.”

“सगळ्यांना असंच वाटतं. यंत्र चुकत नसतं, बाळ.”

“कशावरून?”

“अगाऊपणा पुरे! वर्गात जा.”

ती गेली. ते तिचे त्या महिन्यातले शेवटचे ‘कशावरून’ ठरले.

पुढे काय झाले ते मला नव्या बाईंच्या तोंडून कळले. त्या मराठीच्या सरांना सांगत होत्या तेव्हा. उजळणीच्या तासाला त्या फळ्याजवळ उभ्या राहून मजकूर सांगत होत्या. घाईत त्यांची जीभ घसरली आणि त्या म्हणाल्या, “लोखंडाचा खिळा पाण्यावर तरंगतो.” म्हणताक्षणी त्यांना चूक कळली. आता कोणीतरी हसेल म्हणून त्या वळल्या. कोणी हसले नाही. सत्तावीस माना खाली होत्या आणि लिहिण्याचा आवाज येत होता. त्या कशावरूनच्या बाकाशी गेल्या. तिने सुरेख अक्षरात लिहिले होते, लोखंडाचा खिळा पाण्यावर तरंगतो. खाली पट्टीने रेघही मारली होती.

“मी तिच्या बाकाशीच उभी होते हो,” नव्या बाई म्हणाल्या. “तिने माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.”

मधल्या सुट्टीत त्या तिला घेऊन संगणकापुढे आल्या. तक्ता उघडला आणि पहिला प्रश्न वाचला. चुंबकाला काय चिकटेल? लाकडी पट्टी, खोडरबर, लोखंडी खिळा की काचेची गोटी?

मुलगी म्हणाली, “तुम्ही म्हणाल ते.”

“मी काही म्हणत नाही. तू चाचणीत काय दाबलं होतंस?”

“खिळा. पण तो चुकीचा असणार.”

“चुकीचा कसा असेल? खिळाच बरोबर आहे,” असे म्हणत बाईंची नजर उत्तराच्या रकान्याकडे गेली. तिथे होते ‘ब’. खोडरबर.

नव्या बाईंनी तिला डबा खायला पाठवले. मग त्या एकेक ओळ वाचत खाली आल्या, आणि दर ओळीला त्यांचा चेहरा उतरत गेला. कुठे जुळत होते तेही योगायोगाने. मग त्यांनी ते केले जे सहा वर्षांत कोणी केले नव्हते. त्यांनी वर पाहिले. एच. आय. जे. एल.

“जेनंतर एकदम एल?” त्या पुटपुटल्या. संगणकाला ‘सॉरी’ न म्हणता त्यांनी दोन्ही बाजूंचे रकाने धरले आणि मला उघडले.

सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. मी टोमणा तयार ठेवला होता. पण बाई वाचत होत्या आणि तो मी विसरलो. चुंबकाच्या प्रश्नासमोर माझी पहिली ओळ होती, सकाळी नुकत्याच उठलेल्या सावलीची. ती त्यांनी दोनदा वाचली. मग करड्या रिकाम्या रकान्याकडे पाहिले, आणि क्रम लावला तो दिवस आठवून कपाळावर हात मारला. सावलीचे उत्तर ‘ब’, दुपारी. उत्तरे खरी होती. ती माझ्या शेजारी अजून बरोबर बसली होती. हलले होते ते प्रश्न.

सर आले तेव्हा बाईंनी त्यांना सगळे दाखवले. सरांनी ते पाहिले, आणि आधी दार लावून घेतले.

“कोणाला सांगितलंत?”

“अजून नाही.”

“मग सांगूही नका. निकाल लागलाय, पालकांना गेलाय, सभेत पेन दिलंय. आता फिरवला तर शाळेचं हसं होईल. पुढच्या चाचणीला नीट करू.”

“तोवर ही मुलं मागच्या खोलीत बसणार का, सर?”

“व्याख्या पाठ झाल्या तर वाईट काय आहे त्यात? आणि हे बघा, सॉर्ट तुम्ही मारलंत. वर्षअखेर तुमच्याबद्दल शेरा मला लिहायचाय. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

मी वाट पाहत होतो ‘हो सर’ची. पैज लावायला तयार होतो. हरलो असतो. बाईंनी फक्त तक्ता मिटला आणि त्या थेट प्रयोगशाळेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांची बैठक होती. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, अध्यक्षस्थानी. त्यांच्यासमोर भिंतीवर तक्ता मोठा करून लावलेला. सर मुलांच्या घसरलेल्या दर्जावर बोलायला उठणार तोच नव्या बाई उभ्या राहिल्या.

“मोठ्या बाई, चाचणीतला पहिला प्रश्न आपण सगळ्यांनी एकदा सोडवायचा का? चुंबकाला काय चिकटेल? शीटप्रमाणे उत्तर आहे, खोडरबर.”

मित्रांनो, आता नीट ऐका. बारा शिक्षक बसले होते. एकालाही हसू आले नाही. गणिताच्या बाईंनी चष्मा वर केला. व्यायामाचे सर म्हणाले, “नवीन अभ्यासक्रमात असेल.” कोणीतरी मागून म्हणाले, “हल्लीच्या खोडरबरमध्ये काहीतरी मिसळत असतील.” आणि मराठीचे सर म्हणाले, “शीटमध्ये आहे म्हणजे काहीतरी विचार असेल त्यामागे.” मागच्या खोलीत व्याख्या उतरवणारी सत्तावीस मुले आणि हे बारा जण, यांत मला काडीचा फरक दिसला नाही. फरक असेल तर एवढाच, की मुलांना तसे बसायला भाग पाडले होते.

नव्या बाईंनी पिशवीतून चुंबक काढला, खोडरबर काढले, आणि दोन्ही मोठ्या बाईंच्या पुढ्यात ठेवले. मोठ्या बाईंनी चुंबक खोडरबरला लावून उचलला. खोडरबर टेबलावरच राहिले. त्यांनी चुंबक उलटा करून पुन्हा लावला. सगळे माना पुढे काढून पाहत होते.

“हे चिकटत नाहीये,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“नाही चिकटणार,” नव्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. “मुलं बरोबर होती, आपली शीट चुकली. मधे रिकामा कॉलम होता आणि क्रम मी लावला. लावल्यावर मी तपासलं नाही. चूक माझी आहे. तिची शिक्षा मुलं भोगतायत.”

रिकामा रकाना कोणी घातला, हे त्यांनी सांगितले नाही. सर टेबलाखाली आपल्या बुटांकडे पाहत होते. मोठ्या बाईंनी चुंबक खाली ठेवला.

“निकाल मागे घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि यादी आजच काढा. माझ्या नावाने पालकांना कळवा.”

त्या दुपारी नव्या बाईंनी करडा रकाना काढून टाकला आणि माझ्या एकेका नोंदीवर बोट ठेवून चाळीस प्रश्न आपापल्या जागी आणले. मी पुन्हा ‘जे’ झालो. निकाल नव्याने निघाला. चौदावाल्याला पुन्हा चौदाच, सगळीकडे ‘ब’ दाबणाऱ्याला प्रश्न हलल्याने काय फरक पडणार? पेन त्याच्याकडेच राहू दिले. कशावरूनला छत्तीस.

शेवट गोड झाला असे वाटतेय ना तुम्हांला? तुम्ही असेच उतावीळ. बाईंनी त्या मुलीला बोलावून छत्तीस दाखवले, तर ती नुसती ‘बरं’ म्हणाली. सहा म्हटल्यावर तिने ऐकले होते, छत्तीस म्हटल्यावरही ऐकले. आकडा मोठा झाला म्हणून गेलेला प्रश्न परत येतोच असे नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली. आपण हसत बसलो तेव्हा नेमके काय मोडत होते, ते माझ्यापुढे खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसले होते.

बाईंनी तिला खुर्चीत नीट बसवले आणि मला दाखवले. “हे वाच.”

ती वाचू लागली. सावलीशी थांबली. घागरीशी थांबली. लाकडाला पाणी आवडते, तिथे तिला हसू फुटले.

“ही सगळी चुकलेली मुलं आहेत?”

“हो. तुझ्याआधीची.”

“पण यांनी विचार केला होता, बाई.”

“म्हणूनच लिहून ठेवलंय.”

ती खाली खाली येत गेली. चुकलेल्या चार प्रश्नांपैकी तीन ठिकाणी तिला स्वतःसारखे कोणीतरी भेटले. चौथा प्रश्न सत्ताविसावा होता. तिथे तिने वाचले, ‘अजून कोणी भेटलं नाही. भेटलं की विचारायचं.’ तिने वळून बाईंकडे पाहिले. बाईंनी नेमके तेच विचारले, जे जुन्या बाई विचारत.

“तू ‘रिकामी जागा’ दाबलं होतंस. तुला असं का वाटलं?”

“बाबांची बस मोकळ्या रस्त्यावर सगळ्यांत जोरात जाते. गर्दीत अडकते. मग आवाजाच्या वाटेत काहीच नसेल तर तो आणखी जोरात जाईल ना?”

“छान विचार आहे. पण आवाजाला जायला काहीतरी लागतंच. रिकाम्यातून तो जातच नाही.”

मुलगी तक्त्याकडे पाहत राहिली. मग ती बाईंकडे वळली.

“कशावरून?” ती म्हणाली.

नव्या बाईंचे डोळे भरून आले. “लिही आधी,” त्या म्हणाल्या. “मग प्रयोगशाळेत जाऊन बघू.” मुलीने जुनी ओळ पुसली नाही. तिच्याखाली एका बोटाने लिहिले, ‘भेटली. म्हणाली, मोकळ्या रस्त्यावर बस जोरात जाते. बसपुरतं तिचं बरोबर आहे.’ सहा वर्षांत माझ्यात पडलेली ती पहिली नोंद. एकोणचाळीस चौकटींचा तोरा मी इतकी वर्षे मिरवला, पण जुन्या बाईंनी मला घडवले ते या उरलेल्या एका चौकटीसाठी.

वर्षअखेरीचा शेरा सरांनी काय लिहिला ते मला ठाऊक नाही. तो दुसऱ्या तक्त्यात असतो. पण पुढच्या चाचणीच्या वेळी छपाईला सर आणि नव्या बाई संगणकापुढे होते. सर म्हणाले, “हा कॉलम पुन्हा दुसऱ्या पानावर जातोय. हाईड करू?”

“दोन पानं छापा, सर,” नव्या बाई म्हणाल्या.

तर मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. तुमच्याकडून मला फार आशा नाही. तुम्ही तक्ते रंगवाल, हवेसाठी मधे रिकामे रकाने घालाल, आणि पोरे नापास झाली की त्यांच्या फोनवर खापर फोडाल. तरी एक करा. वरची अक्षरे वाचत जा. एखादे गळालेले दिसले तर तिथे कोणीतरी दाबून ठेवलेले आहे, त्याला उघडा. आणि एखादे मूल चुकले तर लाल खूण करण्याआधी त्याला विचारा, असे का वाटले. ते सांगेल. मात्र लवकर विचारा. फार उशीर केलात तर ते तुमच्याकडे बघून शांतपणे म्हणेल, तुम्ही म्हणाल ते.